गालांचा आकडा

९ फेब्रुवारी

धाकटे,

आज सकाळी काचेच्या नळ्यांचा व्यापारी येऊन गेला. तुलाही त्या तापाने पाच आठवडे अंथरुणावर पाडलं होतं आणि खोकला अजून गेलेला नाही, हे त्याच्याकडून कळलं. तेवढ्यावर मी पत्र लिहिलं नसतं. पण जिना उतरता उतरता तो म्हणाला, की काळजीचं काही कारण नाही, तुमची बहीण रोज सकाळी त्या फुंकायच्या मीटरवर साडेचारशेचा आकडा काढते, दुकानात आलेल्या गिऱ्हाइकालाही फुंकायला लावते आणि हरवून पाठवते. म्हणून हे पत्र.

तुझा आकडा खोटा आहे. तू खोटारडी आहेस असं मी म्हणत नाही, आणि मीटरही बिघडलेलं नाही. तो आकडा तुझ्या छातीचा नाही, गालांचा आहे. माझंही हेच झालं. ताप उतरल्यावर आमच्या डॉक्टरांनी मला तसंच मीटर दिलं आणि रोज फुंकून आकडा लिहून ठेवायला सांगितलं. दर सोमवारी मी फोनवर आकडे वाचून दाखवायची. चारशे तीस, चारशे चाळीस. ते म्हणायचे, उत्तम. चार महिने ते उत्तम म्हणत राहिले आणि मी ऐकून घेत राहिले. आता छातीचा फोटो निघाला आहे. फुप्फुसांवर डाग आहेत, थोडे आहेत. औषध चालू आहे, तेव्हा माझी चौकशी नको.

तू एवढंच करायचं. मोठ्या रुग्णालयात जाऊन फुप्फुसांची पूर्ण तपासणी करून घ्यायची, नाकाला चिमटा लावून करतात ती. मीटरवर विसंबायचं नाही. बोटाला लावायचं यंत्रही बसल्या बसल्या पाहायचं नाही, एक जिना चढून जायचं आणि मग पाहायचं. काय दिसतं ते मला नाही कळवलंस तरी चालेल, तिथल्या डॉक्टरांना दाखव.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून टपाल. आपल्या दोघींचं जे काय आहे ते तसंच राहू दे. त्याचा आणि याचा संबंध जोडू नकोस.

ताई


१८ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. "माझी फुंकर तू सहा वर्षांपूर्वीच मोजलीस. पुन्हा मोजायचे कष्ट घेऊ नकोस." दोनच वाक्यं, पण दुसरं वाक्य कार्डाच्या खालच्या कोपऱ्याकडे घसरत गेलं आहे. तुझी ओळ कधी अशी घसरत नाही. मध्ये थांबून दम खाल्लास का?

तू असंच उत्तर देणार हे पेटीत पत्र टाकतानाच माझ्या लक्षात आलं होतं. सहा वर्षांपूर्वी मी तुझ्या फुंकरीला नावं ठेवली आणि आज पुन्हा तिलाच खोटी म्हणते आहे. ताईची जुनीच खोड, असं तुला वाटणारच. तेव्हा आता घडलं तसं सांगते.

मला तपासणीला धाडलं ते आकड्यांनी नाही. बँकेतल्या रांगेत उभी होते. खिडकीमागच्या कारकुनाने माझ्याकडे पाहिलं, हातातलं काम टाकून बाहेर आला आणि स्वतःची खुर्ची माझ्याखाली सरकवली. म्हणाला, तुमचे ओठ निळे पडलेत. मी त्याला म्हटलं, माझा आजचा आकडा चारशे तीस आहे. त्याला काय कळणार. पण घरी येऊन मी आरशात पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी रुग्णालयात गेले.

तपासणीच्या खोलीत कपाटाएवढी पारदर्शक पेटी असते. आत स्टुलावर बसवून दार लावून घेतात. मी आधी सांधे पाहिले. काच नाहीच, प्लास्टिक आहे, आणि कोपऱ्यांत डिंक ओघळलेला दिसतो. तपासणारा गृहस्थ पन्नाशीचा, टक्कल पडलेला, कमी बोलणारा. त्याने मला तोंडात नळी धरून जोरात फुंकायला सांगितलं. मी फुंकलं. त्याने पडद्यावरची रेघ पाहिली आणि म्हणाला, परत. असं तीनदा झालं. मग तो यंत्रामागून उठून पेटीशी आला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"बाई, तुम्ही ट्रम्पेट वाजवता?"

"नाही. काच फुगवते."

"किती वर्षं?"

"एक्केचाळीस."

तो हसला. मग हसू आवरून म्हणाला, "मग हे गाल आहेत. मला छाती पाहिजे."

त्याने पेटीचं दार उघडलं आणि दोन्ही तळहात माझ्या गालांवर घट्ट दाबून धरले, भांग पाडताना हट्टी पोराचं तोंड धरतात तसे. जीभ खाली ठेवा म्हणाला, आणि फुंका. मी फुंकलं. दोनशे दहा. मी म्हटलं, तुमचं यंत्र तपासा. त्याने नवी नळी बसवली, स्वतः फुंकून दाखवलं. सहाशे. मग माझे गाल पुन्हा धरले. दोनशे पाच.

तुला आठवतंय ना मी तुला कसं शिकवलं ते? बाबांनी मला शिकवलं आणि मी तुला. छातीतून फुंकलं की गोळा फुटतो. वितळलेल्या काचेला गालातली चिमूटभर हवा पुरते, आणि तेवढीच द्यायची असते. तुझ्या तोंडात रबरी नळी असायची आणि मी तुझ्या छातीवर लाकडी पट्टी आडवी धरून उभी असायची. पट्टी हलली की काम मोडून पुन्हा. ती पट्टी मी अकरा महिने धरली. शेवटी शेवटी ती केसभरही हलेना. आता तोंडात कुठलीही नळी आली की तुझे गाल पुढे होतात आणि छाती मागे राहते. मीटरला त्यातला फरक कळत नाही. ते फक्त पहिल्या झटक्याला भुलतं.

हे मी तुला शिकवलं आहे, म्हणून मला माहीत आहे. बाकी जगात कुणाला सांगूनही पटणार नाही, तुझ्या डॉक्टरांनाही नाही.

आता असं कर. तुझ्या दुकानासमोर शिंपीणबाई राहतात असं व्यापारी सांगत होता, त्यांना पाच मिनिटं बोलाव. मीटर तू धर आणि गाल त्यांना धरायला लाव. घट्ट धरायला सांग, त्या लाजतील. ओठ नळीवर आवळ, जीभ खाली, आणि छातीत असेल नसेल तेवढं सोड. जो आकडा येईल तो खरा. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, त्या आकड्यावर ठेव.

ताई


२७ फेब्रुवारी

धाकटे,

उत्तर नाही. टपालवाला आता मी विचारायच्या आधीच लांबूनच मान हलवतो.

नऊ दिवस मी विचार केला की तुला काय लिहिलं असता तू ते गाल धरून पाहशील. मग वाटलं, मी सांगते आहे म्हणूनच तू ते करणार नाहीस. म्हणजे आधी दुसरं काहीतरी लिहायला हवं.

मी विद्यापीठाच्या काचशाळेतून निवृत्त झाले तेव्हा माझ्या जागी कुणाला घ्यायचं, यावर समितीने माझं मत कागदावर मागितलं होतं. तू की आपल्या हाताखालचा तो मिशीवाला. तुझं काम त्याच्याहून चांगलं होतं. माझ्याहूनही चांगलं होतं, हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे, पण मला ते तुझ्या चौथ्याच वर्षी कळलं होतं. तुझ्या हातचा एकही काचेचा कंडेन्सर प्रयोगशाळेतून परत आला नाही. माझे आले आहेत. तरी मी त्याचं नाव लिहिलं, कारण बहिणीला खुर्चीवर बसवून गेली असं कुणी म्हणायला नको होतं. पस्तीस वर्षं कुणी बोट दाखवलं नव्हतं, ते शेवटच्या महिन्यात दाखवतील या भीतीने मी तुला बाजूला सारलं.

खाली कारणाचा रकाना होता. तो रिकामा सोडता येत नव्हता. तुझ्या काचेत दोष काढता येईना, म्हणून फुंकरीत काढला. "फुंकरीत धीर नाही." तीन शब्द लिहायला मला दहा मिनिटं लागली. हेडक्लार्क तुला तो कागद दाखवेल असं मला वाटलं नव्हतं. वाटायला हवं होतं. तू घरी येऊन टेबलावर एप्रन ठेवलास आणि बॅग भरलीस, तेव्हा मी तुला भांडून अडवायला हवं होतं. मी भाजी चिरत राहिले.

हे झालं ते. आता दुसरं.

पहिल्या पत्रात मी डाग थोडे आहेत असं लिहिलं होतं. थोडे नाहीत. दोन्ही बाजूंचा खालचा जवळजवळ अर्धा भाग गेला आहे. मला त्यांनी रुग्णालयाच्या व्हरांड्यात सहा मिनिटं चालायला लावलं. निघाले तेव्हा प्राणवायू शहाण्णव होता, चौथ्या मिनिटाला त्र्याऐंशी. मला चालताना काहीच जाणवलं नव्हतं. हेच सगळ्यात वाईट आहे, धाकटे. कळत नाही. आपल्याला वाटतं वय झालं, अशक्तपणा आहे, जिना उंच आहे.

आता घरात प्राणवायूचं यंत्र आलं आहे. दिवसभर घरघरतं. त्याची नळी नाकात घालून मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊ शकते, आत नाही, आणि जायचंही नाही. यंत्र चालू असताना घरात ज्योत पेटवायला बंदी आहे. मागच्या खोलीतला बाबांचा बर्नर व्यापाऱ्याने काढून नेला. मीच ने म्हटलं. तो खोलीत असताना मी दुसरीकडे जाऊन बसले.

मला भीती वाटते. अंघोळीची सगळ्यात जास्त वाटते. डोक्यावरून पाणी आलं की तेवढा क्षणभर श्वास थांबवावा लागतो, आणि तेवढाही माझ्याकडे शिल्लक नसतो. परवा पेनाचं टोपण पडलं म्हणून वाकले, तर वर येईना. फरशीवर हात टेकून मी समोरच्या भिंतीचे पोपडे मोजले. सतरा मोजल्यावर श्वास आला.

पण हे तुला दया यावी म्हणून लिहीत नाही. फुप्फुसाचे डॉक्टर म्हणाले, आधी सूज असते, मग सुजेचा व्रण होतो. सूज औषधाने मागे घेता येते, व्रण नाही. माझे चार महिने "उत्तम" ऐकण्यात गेले आणि तेवढ्यात सुजेचे व्रण झाले. तुझा ताप माझ्यानंतर दोन महिन्यांनी आला. तुझी कदाचित अजून सूजच असेल. किती दिवस सूज राहील हे मी डॉक्टरांना तीनदा विचारलं. त्यांना सांगता येत नाही.

म्हणून आजच गाल धर. मग मला आयुष्यभर कार्ड पाठवू नकोस.

ताई


४ मार्च

धाकटे,

दुपारी तुझा फोन आला तेव्हा मला नीट बोलता आलं नाही. दम लागला होता. तसंच समज.

तू नावगाव न सांगता सरळ म्हणालीस, "ताई, गाल धरले. एकशे साठ." मागे शिंपीणबाईंचा आवाज येत होता, की मी जास्त दाबले असतील, परत करून बघू. तू म्हणालीस तीनदा केलं, तीनदा तेच. मग विचारलंस, "तुझा किती होता?" मी दोनशे दहा सांगितला. तू म्हणालीस, "म्हणजे मी तुझ्यापेक्षा पुढे." मी म्हटलं तसं नसतं, उंचीप्रमाणे फरक पडतो, तू ठेंगणी आहेस. उंचीने फरक पडतो हे खरं आहे. पन्नासाचा पडत नाही. हेही तुला कळलंच असेल, कारण तू हसलीस आणि त्या हसण्याचा खोकला झाला आणि तो थांबेना. मी इकडे फोन कानाला लावून बसले होते आणि मोजत होते. मग शिंपीणबाईंनीच फोन ठेवला.

आता कामाचं. माझ्या डॉक्टरांशी मी बोलले आहे. त्यांनी सोमवारी सकाळी नऊची वेळ दिली आहे. तुझ्या गावाहून टॅक्सी करून ये, बसमध्ये चढायचं नाही. त्यांना पहिलं वाक्य हे सांग, की मी काच फुगवते आणि माझे गाल धरल्याशिवाय आकडा घेऊ नका. लाजू नकोस. ताप कधी आला, किती दिवस होता, खोकला कधीपासून, हे कागदावर लिहून आण, तुला ऐनवेळी आठवत नाही. दुकानातला बर्नर आजपासून बंद. कुणाची ऑर्डर अडली असेल तर त्याला माझ्याकडे पाठव, मी बोलेन.

तू तिथे एकटी झोपू नकोस. शिंपीणबाईंना विचार. त्या हो म्हणतील, मी मघाशी परत फोन लावून त्यांना विचारलं आहे.

फाटकाशी मी असेन. माझ्यासोबत एक लहान सिलिंडर असेल, चाकांवर ओढायचा. पाहून घाबरू नकोस.

ताई


१० मार्च, वॉर्डाबाहेरच्या बाकावरून

धाकटे,

आत मला सोडत नाहीत. तुला संसर्ग नको म्हणून, आणि मलाही नको म्हणून. परिचारिका म्हणाल्या, चिठ्ठी दिलीत तर पोचवते. तेव्हा ही चिठ्ठी. मास्क लावल्यावर तुला बोलता येणार नाही हे बरंच आहे, निदान एकदा तरी माझं पुरतं ऐकून घेशील.

तू टॅक्सीतून उतरलीस तेव्हा मी तुला ओळखलं नाही. सहा वर्षांत माणूस बदलतो हे मला माहीत होतं. पण तू गाडीचं दार धरून उभी राहिलीस आणि तुझे खांदे प्रत्येक श्वासाबरोबर कानांपर्यंत वर जात होते. फाटकापासून बाकापर्यंत पंधरा पावलं. मधे तू दोनदा थांबलीस, आणि दोन्ही वेळा माझा सिलिंडर पाहण्याचं निमित्त केलंस. दुसऱ्या वेळी म्हणालीस, याचा झडपेचा सांधा कुणी केलाय, वाकडा आहे. मी म्हटलं, कारखान्यातून तसाच येतो.

टकल्या तपासनीसाने तुझे गाल धरले तेव्हा मी दाराच्या काचेतून पाहत होते. तू त्याच्यावर डोळे वटारलेस. एकशे पंचेचाळीस. सहा मिनिटांचं चालणं त्यांनी दुसऱ्याच मिनिटाला थांबवलं. त्यांनी मला आकडा सांगितला. तुला तो मी लिहून देणार नाही.

डॉक्टर जे म्हणाले ते मात्र जसंच्या तसं लिहिते, कारण तू नंतर मला विचारशील. ते म्हणाले, बरंचसं अजून सूज आहे. बरंचसं म्हणजे किती, हे मी विचारलं. ते म्हणाले, तीन दिवस शिरेतून औषध देऊ, मग पुन्हा फोटो काढू, मग कळेल. मी विचारलं, आणखी दोन महिने गेले असते तर? ते दुसऱ्या कागदावर सही करायला लागले. मी विचारलं, नाही उतरली सूज तर? ते म्हणाले, बाई, एका वेळी तीन दिवस. मला ते उत्तर आवडलं नाही. तुला आवडेल, म्हणून सांगितलं.

खाटेवरून आत नेताना तू मला जवळ बोलावलंस. मला वाटलं तू त्या कागदाबद्दल काही म्हणशील, धीराबद्दल. मी उत्तर तयार ठेवलं होतं. तू म्हणालीस, "तो मिशीवाला जोड नीट देत नाही. विद्यापीठाची गिऱ्हाइकं माझ्याकडे येतात दुरुस्तीला." आणि मग दार लागलं. मी अजून त्यावर विचार करते आहे.

आता तू मास्कशी भांडते आहेस असं परिचारिका येऊन सांगून गेल्या. हवा आत येते आहे ती येऊ दे. तिला अडवू नकोस, तिला आकार द्यायचा नाही. नुसती छाती उघडी टाक. पट्टी कुणी धरलेली नाही.

मी इथेच बसले आहे. माझा सिलिंडर चारपर्यंत पुरतो, दुसरा खाली ठेवला आहे. तीन दिवस मी इथून हलणार नाही.

तुझ्या वस्तू माझ्या ताब्यात दिल्या. यादी दोन प्रतींत केली. एक वॉर्डात राहिली, दुसरी इथे उतरवते, म्हणजे एखादी वस्तू हरवली असं तू पुढे म्हणू शकणार नाहीस.

१. चष्मा, एक, डावी काडी दोऱ्याने बांधलेली.
२. मोबाइल फोन, एक, बंद केलेला.
३. कानातल्या कुड्या, एक जोड, सोन्याच्या.
४. दुकानाच्या किल्ल्या, दोन.
५. दातांची कवळी, वरची, एक, पाण्याच्या डबीत. (हे मला माहीत नव्हतं.)
६. रोख रक्कम, पाकिटात, मोजून.
७. चपला, एक जोड. घेतल्या नाहीत. परिचारिका म्हणाल्या, नियमाप्रमाणे सगळं न्यायचं असतं. मी ही ओळ त्यांच्या प्रतीवर खोडून घेतली आणि शेजारी सही केली. चपला खाटेखाली ठेवायला लावल्या आहेत, उजव्या बाजूला. उतरताना रुग्णाला लागतील.